भाताचा पांढरा

स्वयंपाकघरातल्या पदार्थांची छायाचित्रे काढण्याचा ज्याला थोडाफार सराव आहे, तो मान्य करील की या कामात सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे साधा पांढरा भात. रश्श्यावरच्या तर्रीला, हिरव्या चटणीला, जिलबीच्या तकाकीला स्वतःची बोलकी शोभा असते. उजेड कसाही पडला तरी ती आपली ओळख राखून असतात. भाताजवळ असे राखीव धन काही नाही. भोवतालच्या उजेडाने जे दिले ते जवळजवळ सगळे परत करणाऱ्या वस्तूला आपण पांढरी म्हणतो. त्यामुळे दिव्याखाली भात पिवळा होतो, ढगाळ सकाळी निळसर होतो आणि हिरव्या पडद्याशेजारी ठेवला तर निमूटपणे हिरवट होतो. भाताचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याला आधी उजेडाशी ओळख करून घ्यावी लागते.

ही ओळख मला साठीच्या उंबरठ्यावर झाली, आणि तीही अशा प्रदेशात, जिथे भात म्हणजेच जेवण. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात ते उगीच नव्हे. डॉ. रिछारिया यांनी या भागातले धानाचे हजारो वाण खेड्यापाड्यांतून गोळा करून ठेवले. त्यातला प्रत्येक वाण शिजल्यावर आपापल्या परीने पांढरा होतो. दुर्गच्या बाजारात दुबराज मिळतो, तसाच एच.एम.टी.ही मिळतो. हा दुसरा वाण आमच्या विदर्भाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी तो निवडून वाढवला आणि त्या काळी मोठ्या दिमाखाचे मानले जाणारे मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले. माणसांप्रमाणे धानही सीमा ओलांडून इकडे आले आणि इथलेच झाले.

आमचे कुटुंबही असेच आले. १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती, आणि दुर्गकडे निघालेला वऱ्हाडी माणूस परमुलखात चाललो आहे असे समजत नसे. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. नेमक्या त्याच सुमारास सोव्हिएत सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला होता. माझे सासरे १९५८ साली वर्धेकडून इथे नोकरीला आले. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मामंजींबरोबर सासूबाई आल्या, त्यांच्याबरोबर गोळाभात, पाटवडीचा रस्सा, वडाभात आणि कढीगोळे आले. मी अमरावतीहून लग्न होऊन आले तेव्हा या घरात पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीशेजारी ठेठरी-खुरमी मांडलेली असे, आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नसे.

माझी मुलगी स्टॉकहोमला असते. तिने तीनेक वर्षांपूर्वी आग्रह धरला की आजीच्या हातचे पदार्थ कृतींसह लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे चांगले छायाचित्र असावे. कृती लिहिण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, आणि वाटी-चमच्याच्या मापांवर भरवसा ठेवून कितीतरी नव्या संसारांनी त्या आधारे स्वयंपाक शिकून घेतला. पण शब्दातली कृती वाचणाऱ्याने आपल्या घरी तो पदार्थ कधीतरी पाहिलेला असतो. ‘गोळे पिवळसर दिसेतो वाफवावेत’ या वाक्यातला पिवळसरपणा त्याच्या आठवणीत आधीच असतो. माझ्या मुलीच्या मुलांजवळ ती आठवण नसणार. त्यांना तो पिवळसरपणा छायाचित्रातूनच कळणार. म्हणजे रंग चुकला तर पदार्थच चुकला, अशी ही जबाबदारी होती.

दुर्गचे आमचे घर लहान आहे. पण स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, हे भाग्य. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, आकाशाचा मंद उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा आपले मन बदलत नाही. चित्रकारांनी आपल्या कामाच्या खोल्यांसाठी हीच दिशा पसंत केली त्याचे कारण मला त्या खिडकीने समजावले. खिडकीशी पाट मांडायचा, त्यावर ताट ठेवायचे. उजेड बाजूने किंवा किंचित मागून आला की भाताच्या प्रत्येक शितामागे नखाएवढी सावली पडते आणि शिते मोकळी दिसू लागतात. समोरून, विशेषतः मोबाइलच्या स्वतःच्या झगझगीत दिव्याने, उजेड टाकला तर तोच भात चुन्याच्या ढिगासारखा सपाट होतो. खिडकीवर मामंजींचे एक जुने धुवट धोतर बांधले की उजेड आणखी मऊ होई. ताटाच्या दुसऱ्या अंगाला पांढरा पुठ्ठा उभा धरला की सावल्यांचा काळेपणा निवळतो. पुठ्ठा जवळ आणावा तशा त्या फिकट होतात, दूर न्यावा तशा गडद. सासूबाई पाटाशेजारी बसून तो पुठ्ठा धरीत आणि मी न सांगता तो पुढे-मागे करीत. वाफ टिपायची तर आणखी एक युक्ती लागते. वाफेमागे काही गडद असावे, उजेड मागून यावा आणि हात चपळ असावा. कारण ताटात वाढलेल्या भाताची वाफ फार वेळ वाट पाहत नाही.

एवढे सगळे करूनही पहिली छायाचित्रे राखाडी आली. त्यात माझा किंवा भाताचा काही दोष नव्हता. कॅमेऱ्याची समजूतच तशी असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून तो उजेडाचे मोजमाप करतो. पांढरेशुभ्र ताट समोर आले की त्याला वाटते, उजेड फार झाला. आणि तो चित्र काळवंडून टाकतो. यावर उपाय एकच : कॅमेऱ्याचा हिशेब बाजूला ठेवून उजेड एक-दीड पट्टी वर न्यायचा, मात्र शिते एकमेकांत विरघळून पांढरा डाग होण्याआधी थांबायचे. यंत्राला पांढरा ठाऊक नसतो. तो आपण सांगावा लागतो.

छायाचित्रणाच्या आरंभापासून अन्न त्याच्यासमोर येऊन बसले आहे. हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यातले शेवटचे, चोविसावे चित्र फळांनी भरलेल्या परड्यांचे आहे. त्या काळचा कागद निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच जागा होई. पिवळा आणि तांबडा त्याला जवळजवळ दिसतच नसत. टॅल्बटसमोर आमचा गोळाभात ठेवला असता तर हळदीचे गोळे कोळशासारखे काळे उमटले असते. तेव्हा छायाचित्र खरे बोलते हा समज मुळातच भाबडा आहे. ते त्याच्या कागदाला, त्याच्या काचेला जेवढे दिसते तेवढे बोलते. उरलेले पाहणाऱ्याने भरून काढायचे असते. आपण ज्याला आज संपादन म्हणतो त्याचे मूळ या उणिवेत आहे.

संपादनाचा मोबाइलवरचा पडदा मी प्रथम उघडला तेव्हा त्यातल्या एका पट्टीचे नाव पाहून मला मामंजींची आठवण झाली. त्या पट्टीला ‘तापमान’ म्हणतात. ती एका बाजूला सरकवली की चित्र पिवळे होते, दुसऱ्या बाजूला निळे. रंगाला तापमान कसले, असे कोणी विचारील; पण भिलाईच्या माणसाला हे विचारावे लागत नाही. तापलेले लोखंड आधी काळसर तांबडे दिसते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि उष्णता वाढत जाईल तसे पांढरे. शास्त्रज्ञांनी उजेडाच्या रंगाला केल्व्हिनच्या अंशांत जे माप दिले, त्यामागे तापलेल्या पदार्थाच्या रंगाचा हाच नियम आहे. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्व्हिनचा, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या घरात आणि सावलीतल्या आकाशाचा त्याहूनही वर. भट्टीतून वाहणारे लोखंड दीड हजार सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे त्याचा उजेड मेणबत्तीच्या जवळपासचा.

भिलाईच्या पहिल्या पोलादशाळेत ओपन हार्थ पद्धतीच्या भट्ट्या होत्या आणि मामंजींची उमेद तिथेच गेली. भट्टीत उघड्या डोळ्यांनी पाहता येत नसे, म्हणून कामगारांजवळ कोबाल्टची निळी काच असे. तीतून पाहिले की डोळे दिपवणारा पिवळा झगझगाट गळून जाई आणि आतल्या रसाचे खरे रूप दिसे. मोजण्याची यंत्रे होतीच. पण जाणता माणूस काचेतून एकदा पाही आणि रस ओतायला आला की नाही ते सांगे. ती काच मामंजींनी निवृत्तीनंतरही कपाटात जपून ठेवली होती. लहानपणी माझी मुलगी तीतून ताटाकडे पाही आणि निळा भात पाहून हसे. डोळा फसतो हे मान्य करून त्याला मदत करणारी ती काच आणि माझ्या हातातली ती सरकती पट्टी यांचे कूळ एकच आहे, असे मला वाटते. दोघींचे काम शोभा आणण्याचे नाही. आड आलेला उजेड दूर करून वस्तू दाखवण्याचे आहे.

आता हे दाखवणे वाटते तितके सरळ नाही. गोळाभाताचेच घ्या. भरडलेल्या हरभऱ्याच्या डाळीत तिखट, मीठ, हळद आणि तेलाचे मोहन घालून गोळे वळायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर ते मांडून वाफवायचे आणि वाढताना वरून कडकडीत फोडणी घालायची. पांढरा आणि पिवळा असे दोनच रंग. ट्यूबलाइटखाली काढलेल्या चित्रात भात हिरवट येतो. तो शुभ्र करावा म्हणून पट्टी सरकवली की हळदीचा जीव जातो. हळद राखावी तर भात आजारी दिसतो. खिडकीचा उजेड आणि छताचा दिवा एकत्र असले तर पंचाईत आणखी वाढते, कारण एकच ताट अर्धे निळे आणि अर्धे पिवळे होते, आणि एकच पट्टी दोन्ही अंगांना न्याय देऊ शकत नाही. म्हणून छायाचित्र काढताना घरातला दिवा बंद करावा. पुढची अर्धी दुरुस्ती तिथेच वाचते.

त्यातून भातही दरवेळी पांढरा असतोच असे नाही. या भागात धान उकडून, वाळवून मग भरडण्याची पद्धत आहे. त्या तांदळाला उसना म्हणतात. त्याचा भात अंगचाच पिवळट असतो. मोबाइलला हा पिवळटपणा उजेडाचा दोष वाटतो आणि तो आपल्या बुद्धीने भात धुऊन पांढराफेक करतो. पाहणाऱ्याला चित्र स्वच्छ वाटते. पण त्या तांदळाची जात मात्र पुसली गेलेली असते. यावर मी एक साधा नियम केला. पांढऱ्या चिनी मातीची एकच बशी प्रत्येक चित्रात ताटाच्या कडेला ठेवायची, पांढऱ्याचे माप त्या बशीवरून ठरवायचे, आणि मग भात जसा येईल तसा येऊ द्यायचा. खिडकी तीच, वेळ सकाळी नऊची, बशी तीच. रंग भडक करणाऱ्या पट्टीला हात लावायचा नाही.

माझ्या मुलीला हा नियम पसंत नव्हता. तिच्या पिढीच्या डोळ्यांना अन्न जरा अधिक उजळ, अधिक रसरशीत पाहण्याची सवय आहे. दसऱ्यापासून होळीपर्यंत गोळाभाताची नऊ छायाचित्रे झाली होती, ती मी तिला पाठवली तेव्हा तिने लिहिले, “आई, प्रत्येकात पिवळा वेगळा आलाय. सगळे एकसारखे करून घे ना, म्हणजे त्यातून एक निवडता येईल.” एकसारखे करणे दोन मिनिटांचे काम होते. मी नऊही चित्रे तारखांप्रमाणे ओळीने लावली आणि आधी बशीकडे पाहिले. नऊ बशा एकाच पांढऱ्याच्या होत्या. उजेड बदललेला नव्हता. गोळे मात्र दसऱ्याला फिकट लिंबाच्या रंगाचे होते, संक्रांतीला त्यांनी झेंडूचा रंग धरला होता, आणि होळीच्या चित्रात ते तांबूस पिवळे दिसत होते. चित्रातली हळद वाढत गेली नव्हती. परातीतली हळद वाढत गेली होती.

जेवताना किंचित कडवटपणा सगळ्यांनाच जाणवला असणार. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हातच्या स्वयंपाकाला नाव ठेवण्याची आमच्या घरात रीत नाही, आणि सासूबाईंनी तर आपल्याला दिसत नाही असे कधी म्हटले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचे सांगितले. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते, ते निळा उजेड अडवते, आणि मग पांढऱ्यावरचा फिकट पिवळा दिसेनासा होतो. पिठात हळद पुरेशी दिसत नाही म्हणून त्या आणखी चिमूटभर घालीत होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक वेळचा रंग अगदी बरोबर होता. जी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, आम्ही विचारली नाही, ती नऊ छायाचित्रांनी सांगितली. आणि ती सांगू शकली ती केवळ कोणी त्यांना सुंदर केले नव्हते म्हणून.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला हाच विकार झाला होता. मोतीबिंदू वाढत गेला तशी त्याची बाग कॅनव्हासवर तांबूस-तपकिरी होत गेली. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला सगळे जग निळे दिसू लागले. सासूबाईंचेही तसेच झाले. पट्टी निघाल्यावर काही आठवडे त्या भाताकडे संशयाने पाहत आणि म्हणत, “तांदूळ बदलला का तुम्ही? हा तर निळा दिसून राहिला.” पुढे डोळा रुळला. एके दिवशी मी त्यांना ती नऊ चित्रे दाखवली. त्यांनी ती सावकाश पाहिली, शेवटच्या चित्रापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “इतकी हळद? कोण टाकून राहिलं होतं?” कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःच हसल्या आणि परात पुढे ओढून पीठ मळायला बसल्या.

अन्नाची छायाचित्रे खोटी करण्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सूपच्या वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालून भाजीचे तुकडे वर तरंगवले होते, आणि १९७० साली तेथील व्यापार आयोगाने त्यास मनाई केली. मालाच्या विक्रीसाठी केलेली ती लबाडी होती, म्हणून तिला कायद्याने पकडता आले. पण शोभेचा एक प्रकार असा आहे की त्यात लबाडीचा हेतू नसतो, तरी काहीतरी हरवते. २०२२ साली १ मे रोजी, श्रमिक दिनी, छत्तीसगड शासनाने सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. शिजलेला भात पाण्यात बुडवून ठेवला की तो बोरे, आणि रात्रभर तसाच राहिला की बासी. मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन कष्टकरी माणूस ती उन्हाच्या आधी खाऊन निघतो. त्या दिवशी मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी आपल्या बासीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. कष्टकऱ्याच्या अन्नाला मान मिळाला याचे मला समाधानच वाटले. तरी ती चकचकीत काशाची भांडी आणि फुलासारखा कापलेला कांदा पाहताना मनात आले, की बासीचे पाणी थोडे धुरकट असते आणि तिचा उजेड पहाटेचा असतो. तो धुरकटपणा काढून टाकला की उरते ते देखणे ताट, बासी नव्हे.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक विवेक ठरला आहे. यंत्राला जे दिसले नाही ते दाखवण्यासाठी पट्टी सरकवावी. पदार्थात जे नव्हते ते आणण्यासाठी सरकवू नये. फिकट सावली उघडावी, कलंडलेला रंग सरळ करावा, काठावरचे सांडलेले पुसायचे तर ते फडक्याने पुसावे. आणि कोणत्याही चित्रात पांढऱ्याचा एक तरी साक्षीदार असू द्यावा, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर विचारता येईल.

पुस्तिकेत अखेर दसऱ्याचा गोळाभात गेला. मुलीने गेल्या डिसेंबरात त्यावरून पहिल्यांदा तो केला आणि छायाचित्र पाठवले. ताटाच्या कडेला तिनेही एक पांढरी बशी ठेवली होती. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र जवळ धरले, गोळ्यांकडे पाहून मान डोलावली, मग बराच वेळ भाताकडेच पाहत राहिल्या. भात निळसर होता, बशीही निळसर होती.

“हळद ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण पोरीनं जेवायला उशीर केला. सूर्य बुडून गेला आहे तिथला.”

मी मुलीला विचारले. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.